पदवी कोणाची, अधिकार कशाचा? उटनूरच्या जमिनीच्या निमित्ताने

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये बरीच माणसे उभी असतात आणि त्यांतील प्रत्येकाच्या नावापुढे काही ना काही बिरुद असते. कोणी रेरा नोंदणीकृत एजंट असतो, कोणी विकासक, कोणी मालमत्ता सल्लागार, कोणी नोंदणीकृत मूल्यांकक, कोणी वास्तुविशारद, कोणी वकील, तर कोणी तहसील कचेरीतील अधिकारी. सामान्य ग्राहक या साऱ्यांकडे सारख्याच आदराने किंवा सारख्याच संशयाने पाहतो. परंतु या बिरुदांचे वजन सारखे नसते, कारण त्यांतील काही संसदेच्या कायद्याने दिलेली असतात, काही एखाद्या संघटनेच्या सदस्यत्वातून आलेली असतात आणि काही ज्याने त्याने स्वतःच धारण केलेली असतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, माणसाची पात्रता आणि जमिनीची पात्रता हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मध्यस्थाची सर्व कागदपत्रे चोख असूनही जमीन विकत घेता न येणे शक्य असते, आणि हे जिथे सर्वांत स्पष्टपणे दिसते अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातले उटनूर.

उटनूरचा मराठी मुलखाशी असलेला संबंध जुना आहे. हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात किनवट आणि राजुरा हे आजच्या महाराष्ट्रातील तालुकेही होते, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते वेगळे झाल्यानंतरही सीमेच्या दोन्ही बाजूंची नाती, बाजार आणि जत्रा तुटल्या नाहीत. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील गुडीहतनूरहून इंद्रवेल्लीमार्गे उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गावांत गोंडी आणि तेलुगूबरोबर मराठीही सहज बोलली जाते. नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबांचे नातेवाईक या भागात आहेत, त्यामुळे तिकडची जमीन स्वस्तात मिळते ही बातमी मराठी घरांत अधूनमधून पोहोचत असते. त्या बातमीबरोबर एखाद्या मध्यस्थाचे छापील कार्डही येते, आणि त्या कार्डावरील शब्दांचा अर्थ ठाऊक नसेल तर आयुष्यभराची बचत त्यात जाऊ शकते.

कोणत्याही व्यावसायिक बिरुदाची परीक्षा तीन गोष्टींवरून करता येते: ते कोणी दिले, कशाच्या आधारावर दिले आणि गैरवर्तन झाल्यास ते काढून घेण्याचा अधिकार कोणाला आहे. या कसोटीला पूर्णपणे उतरणारे बिरुद म्हणजे वास्तुविशारदाचे होय. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्यालाच ही उपाधी लावता येते. इतरांनी ती लावणे हा दंडनीय अपराध आहे. मात्र या संरक्षणालाही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिलेल्या एका निर्णयात असे स्पष्ट केले की, हा कायदा उपाधीचे रक्षण करतो, परंतु इमारतीचा आराखडा काढण्याचे काम नोंदणी नसलेल्या माणसाने करूच नये असे तो म्हणत नाही. म्हणजे एकाच क्षेत्रात उपाधी राखीव आणि काम खुले, अशी स्थिती असू शकते. वकिलाच्या बाबतीत तसे नाही, कारण १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली सनद घेतल्याशिवाय वकिलीचा व्यवसाय करता येत नाही. मूल्यांककांसाठी कंपनी कायद्याखालचे २०१७ चे नियम आहेत. जमीन आणि इमारत या मालमत्ता-वर्गाची परीक्षा उत्तीर्ण होऊन नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे नोंद झालेली व्यक्ती त्या कायद्याच्या अर्थाने नोंदणीकृत मूल्यांकक ठरते. परंतु मूल्यांकक किंमत सांगतो, मालकी सांगत नाही. त्याच्या अहवालात मालकीविषयी जे लिहिलेले असते ते बहुधा त्याला दाखवलेल्या कागदांवरच आधारलेले असते. स्थापत्य अभियंत्यासाठी तर वास्तुविशारदासारखा केंद्रीय कायदाच नाही, त्यामुळे त्याची पदवी आणि स्थानिक नगरसंस्थेने दिलेला परवाना या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात.

दुसरा वर्ग संघटनेच्या सदस्यत्वातून मिळणाऱ्या बिरुदांचा आहे. अनेक मध्यस्थांच्या कार्डांवर आढळणारा ‘रिअल्टर’ हा शब्द अमेरिकेत मालमत्ता-मध्यस्थ या धंद्याचे सर्वसाधारण नाव नाही. १९०८ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेल्या मध्यस्थांच्या राष्ट्रीय संघटनेतील मिनीॲपोलिसचे एक सदस्य चार्ल्स चॅडबोर्न यांनी १९१६ मध्ये हा शब्द सुचवला आणि पुढे संघटनेने त्याची चिन्ह म्हणून नोंदणी केली, म्हणून तेथे केवळ त्या संघटनेचे सदस्यच तो वापरू शकतात. व्यवसायाचा परवाना मात्र तेथेही ज्या त्या राज्याचे शासन देते. सदस्यत्व ही त्यावरची अधिकची गोष्ट असते. ब्रिटनमध्ये १८६८ साली स्थापन झालेल्या आणि १८८१ मध्ये राजसनद मिळालेल्या सर्वेक्षकांच्या संस्थेचे सदस्यत्व याहून कठीण असते, कारण त्यासाठी परीक्षा, उमेदवारी आणि आचारसंहितेचे पालन आवश्यक असते. अशा संस्थांच्या सदस्यत्वाला व्यावसायिक प्रतिष्ठा आहे. तथापि भारतात त्यातून जमीन विकण्याचा किंवा विकवून देण्याचा कोणताही वैधानिक अधिकार निर्माण होत नाही. आदिलाबाद किंवा नांदेडमधील कार्डावर ‘रिअल्टर’ असे छापलेले असेल, तर त्याने कायद्याच्या दृष्टीने काहीही सिद्ध होत नाही.

मालमत्ता सल्लागार, गुंतवणूक तज्ज्ञ, भूमी विकासक, व्हेंचरचे संचालक ही नावे तिसऱ्या वर्गातली, म्हणजे स्वतःच घेतलेली आहेत. तेलंगणात शेतजमिनीचे तुकडे पाडून आखलेल्या भूखंड-योजनेला ‘व्हेंचर’ म्हणतात आणि तेथील भूखंड चौरस फुटांऐवजी गजांत, म्हणजे चौरस यार्डांत, विकले जातात. हा शब्द परवानगीचा निदर्शक नाही. कोणत्याही शेताच्या कडेला कमान उभारून त्याला व्हेंचर म्हणता येते. नगररचना संचालनालयाची किंवा सक्षम प्राधिकरणाची मंजुरी आणि शेतीचे बिगरशेतीत रूपांतर करण्याचा आदेश या बाबी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

या मोकळ्या मैदानाला पहिल्यांदा कुंपण घातले ते २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायद्याने. सर्वसामान्य बोलण्यात या कायद्याला आणि त्याखालील प्राधिकरणालाही रेरा असे म्हणतात. त्याची मुख्य कलमे १ मे २०१७ पासून लागू झाली, महाराष्ट्रात महारेरा आणि तेलंगणात त्या राज्याचे प्राधिकरण स्थापन झाले. या कायद्याने दोन बिरुदांना निश्चित अर्थ दिला. ‘प्रवर्तक’ म्हणजे विक्रीसाठी इमारत बांधणारा किंवा जमिनीचे भूखंड पाडणारा, ज्याला लोक बिल्डर किंवा विकासक म्हणतात. आणि ‘स्थावर संपदा एजंट’ म्हणजे प्रकल्पातील भूखंड, सदनिका वा इमारत यांच्या व्यवहारात मोबदला घेऊन एका पक्षाची दुसऱ्याशी गाठ घालून देणारा. नोंदणीकृत प्रकल्पातील मालमत्ता विकून देणाऱ्या एजंटाने प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि त्याने प्रत्येक व्यवहारात आपला नोंदणी क्रमांक नमूद केला पाहिजे. ज्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असूनही झालेली नाही, त्यातील मालमत्ता त्याला विकून देता येत नाही.

या कायद्याच्या दहाव्या कलमात या विषयाच्या दृष्टीने एक फार मोलाची तरतूद आहे. प्रवर्तकाला किंवा स्वतःला जी मान्यता वा संलग्नता प्रत्यक्षात मिळालेली नाही ती मिळाली असल्याचे भासवणे, ही एजंटाची अनुचित व्यापारप्रथा ठरते. म्हणजे खोटे बिरुद लावणे हा आता केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही. एजंटाने नोंदणीविषयक कलमांचा किंवा या दहाव्या कलमाचा भंग केल्यास भंग चालू असलेल्या प्रत्येक दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. प्रवर्तकाच्या बाबतीत अठरावे कलम आणखी पुढे जाते. प्रकल्पाच्या जमिनीच्या मालकीहक्कात दोष निघून ग्राहकाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई प्रवर्तकाने करावी आणि त्या मागणीला मुदतीचा अडसर असू नये, असे ते सांगते.

इतके असूनही रेरा क्रमांकाविषयी एक गैरसमज खोलवर रुजला आहे, तो असा की, हा क्रमांक म्हणजे एजंटाच्या ज्ञानाची आणि प्रामाणिकपणाची सरकारी ग्वाही. मूळ कायद्यात एजंटाच्या नोंदणीसाठी शिक्षणाची वा परीक्षेची अट नाही. अर्ज, शुल्क आणि कागदपत्रे यांवर ती मिळू शकते. ही उणीव ओळखून महारेराने जानेवारी २०२३ च्या आदेशाने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली, तिच्या मुदती पुढे वाढवल्या आणि २०२४ च्या प्रारंभापासून सक्षमता प्रमाणपत्र अनिवार्य केले. महाराष्ट्राचे हे पाऊल स्वागतार्ह आहे, कारण मध्यस्थाला सातबारा, मुखत्यारपत्र आणि विक्रीकरार यांतील फरक कळत नसेल तर त्याच्या सद्हेतूचा ग्राहकाला उपयोग नाही. मात्र दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. रेराचा कायदा प्रकल्पांपुरता आहे, आणि ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही किंवा ज्यात आठपेक्षा अधिक सदनिका नाहीत, त्याला नोंदणीची सक्ती नाही. एका शेतकऱ्याने दुसऱ्याला शेत विकणे, हा व्यवहार या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. उटनूरकडची जमीन म्हणून जे काही दाखवले जाते ते बहुतेक वेळा शेतच असते. म्हणून तेथे एजंटाच्या रेरा क्रमांकाने संरक्षण मिळेल हा समज निराधार आहे.

शेतजमिनीच्या व्यवहारात खरे वजन पूर्वीपासून महसुली पदांचे राहिले आहे. निजामी राजवटीत गावचा कारभार माली पटेल, पोलीस पटेल आणि पटवारी यांच्या हाती वंशपरंपरेने असे. सारावसुली माली पटेलाकडे, बंदोबस्त पोलीस पटेलाकडे आणि दप्तर पटवाऱ्याकडे अशी ती विभागणी होती. कोणत्या शेतात कोण कसतो याची वार्षिक नोंद म्हणजे ‘पहाणी’ पटवारी लिहीत असे आणि ज्याच्या नावे सारा आकारला जाई तो ‘पट्टादार’ ठरे. वरच्या कचेऱ्यांत उर्दूचा अंमल असल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या गोंड, कोलाम आणि परधान शेतकऱ्याला आपल्या शेताविषयी काय लिहिले आहे हे कळण्याचा मार्गच नव्हता. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन एखाद्या सावकाराच्या वा नव्याने आलेल्या वहिवाटदाराच्या नावे लागली, तरी ते उमगायला वर्षे जात. लेखणी हाती असलेल्या माणसाच्या पदामुळे जमिनीचा मालक बदलतो, याचा अनुभव आदिलाबादच्या आदिवासींइतका कडवटपणे फार थोड्यांनी घेतला असेल.

जंगल-जमिनीवरून हुसकावले जाण्याच्या संतापातून कुमराम भीम यांनी उठाव केला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांच्याकडून या भागाचा अभ्यास करवून घेतला. आदिवासींना कसत्या जमिनीचा कागद मिळाला पाहिजे या त्यांच्या आग्रहातून १९४० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर लावणी पट्टे वाटले गेले, आणि मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे कामही सुरू झाले. पुढे मराठीतील नामवंत इतिहासकार म्हणून ख्याती पावलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना याच भागात गोंडांमध्ये वावरले, त्यांची भाषा शिकले आणि १९४९ मध्ये ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. अधिकारपद हाती असलेल्या माणसाने आधी लोकांची भाषा आत्मसात करावी, या वृत्तीचे ते उत्तम उदाहरण आहे. दुर्दैवाने पट्टा मिळाल्याने प्रश्न मिटला नाही. रस्ते झाले, कापसाचा व्यापार वाढला, बाहेरून शेतकरी आणि व्यापारी आले आणि पट्टा आदिवासीच्या नावे असूनही प्रत्यक्ष ताबा दुसऱ्याकडे गेल्याची उदाहरणे वाढली. हायमेंडॉर्फ यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात ही घसरण तपशिलाने नोंदवली आहे. जमिनी परत मिळाव्यात या मागणीसाठी २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार त्यात १३ जण मृत्युमुखी पडले.

महसुली पदांची नावे तेव्हापासून अनेकदा बदलली आहेत. जानेवारी १९८४ मध्ये एन. टी. रामाराव सरकारने पटेल-पटवारी ही वंशपरंपरागत पदे रद्द केली. पुढे वेगवेगळ्या नावांनी गावपातळीवरचे अधिकारी आले. २०२० मध्ये तेलंगणाने ग्राम महसूल अधिकाऱ्याचे पदही रद्द केले, ‘धरणी’ ही संगणकीय व्यवस्था आणली आणि शेतजमिनीच्या दस्तनोंदणीचे काम तहसीलदाराकडे सोपवले. २०२५ च्या भूभारती कायद्याने धरणीची जागा घेतली असून त्याच वर्षी ग्राम पालन अधिकारी नेमण्यासही सुरुवात झाली. महाराष्ट्रातील वाचकाने तलाठी, मंडळ अधिकारी आणि दुय्यम निबंधक ही आपल्याकडची चौकट डोळ्यांपुढे ठेवून तेलंगणात चौकशी केली तर त्याची दिशाभूल होते. तेथे सातबाऱ्याच्या जागी पहाणी आणि पट्टादार पासबुक आहे, मंडळ अधिकाऱ्याच्या जागी गिरदावर आहे, आणि फेरफार व नोंदणी ही दोन्ही कामे एकाच कचेरीत होतात.

या सगळ्यांत एक गोष्ट मात्र दोन्ही राज्यांत सारखी आहे. भारतात दस्ताची नोंदणी होते, मालकीची नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदणी करणारा अधिकारी दस्त करून देणारा माणूस तोच आहे का, मुद्रांक पुरेसा आहे का, अशा बाबी पाहतो. विकणारा खरा मालक आहे किंवा विक्री कायदेशीर आहे अशी हमी त्याच्या शिक्क्यातून मिळत नाही. मुखत्यारपत्राच्या आधारे झालेली विक्री मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तेलंगणात साध्या कागदावर लिहिलेल्या खरेदीला ‘सादा बैनामा’ म्हणतात, आणि गावातील पाच माणसांच्या सह्या असल्या तरी तो नोंदणीकृत खरेदीखताची जागा घेऊ शकत नाही.

आता उटनूरचा मुख्य प्रश्न. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार ज्या प्रदेशात आदिवासींच्या हितासाठी वेगळी शासनव्यवस्था आहे त्याला अनुसूचित क्षेत्र म्हणतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने जुन्या उटनूर तालुक्याचा त्यात समावेश झाला, आणि उटनूर येथील एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे कार्यालय हे या व्यवस्थेचे आजचे दृश्य रूप आहे. या क्षेत्राला अनुसूचित क्षेत्र जमीन हस्तांतरण विनियम, १९५९ लागू आहे. तो आधी आंध्रच्या भागासाठी होता, १ डिसेंबर १९६३ पासून तेलंगणातील अनुसूचित क्षेत्राला लागू झाला आणि १९७० च्या दुरुस्तीने अत्यंत कडक झाला. त्याचे तिसरे कलम म्हणते की, अनुसूचित क्षेत्रातील स्थावर मालमत्तेचे हस्तांतरण अनुसूचित जमातीच्या व्यक्तीच्या किंवा केवळ अशाच व्यक्तींच्या सहकारी संस्थेच्या नावे झाले नसेल, तर ते पूर्णपणे शून्य आहे. यात विकणारा आदिवासी आहे की बिगर-आदिवासी याने काही फरक पडत नाही. म्हणजे उटनूरमधील एखाद्या बिगर-आदिवासी घरमालकाने आपले घर दुसऱ्या बिगर-आदिवासीला विकले तरी कायद्याच्या लेखी विक्री झालेलीच नसते.

या विनियमाची जाळी किती बारीक आहे हे ‘हस्तांतरण’ या संज्ञेच्या व्याख्येतून दिसते. विक्री, गहाण, भाडेपट्टा, बक्षीस, अदलाबदल हे सर्व तर त्यात आहेच, शिवाय मालमत्तेवरील बोजा आणि तिच्यासंबंधीचा करारही आहे. केवळ मृत्युपत्राने केलेली तजवीज वगळली आहे. म्हणून ‘आत्ता फक्त इसार देऊन ठेवा, खरेदीचे पुढे पाहू’ किंवा ‘खरेदी नको, ९९ वर्षांचा भाडेपट्टा करू’ या मध्यस्थांच्या नेहमीच्या युक्त्या येथे चालत नाहीत. पुराव्याचा भारही उलटा आहे. बिगर-आदिवासीच्या ताब्यात असलेली जमीन आदिवासीकडूनच आली असे, तो विरुद्ध सिद्ध करीपर्यंत, गृहीत धरले जाते. हस्तांतरण शून्य ठरल्यास ताबा काढून जमीन मूळ आदिवासीला किंवा त्याच्या वारसांना परत दिली जाते, आणि १९७८ च्या दुरुस्तीनुसार अशी जमीन घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची ही रक्कम आज फार तोकडी वाटते. परंतु घेणाऱ्याचे सर्व पैसे जातात, हीच मोठी शिक्षा होय. १९७० च्या दुरुस्तीची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये पी. रामी रेड्डी प्रकरणात मान्य केली, आणि ११ जुलै १९९७ च्या समता निकालात तर ही बंदी राज्य सरकारने खासगी कंपन्यांना दिलेल्या खाणपट्ट्यांनाही लागू होते असे म्हटले.

या पार्श्वभूमीवर एरवी विश्वासार्ह असलेल्या पात्रतांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. शहरातला वकील साधारणतः ३० वर्षांच्या नोंदी तपासून मालकीहक्काचा अहवाल देतो. उटनूरसाठी तो अपुरा पडतो, कारण येथे प्रश्न १९७० आणि १९६३ च्या पलीकडे जातो आणि १९५४-५५ ची खासरा पहाणी उघडावी लागते. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेला पट्टा तर वारसाने मिळतो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. तो दाखवून कोणी जमीन विकत असेल तर त्याच्याजवळ विकण्यासारखे काही नाही. आदिवासी सालदाराच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या नावे जमीन घेऊन स्वतः वहिवाटण्याची वाटही बंद आहे, कारण बेनामी व्यवहारांविषयीचा कायदा अशा मालमत्तेच्या जप्तीची तरतूद करतो आणि नाव ज्याचे त्याच्याविरुद्ध खऱ्या पैसेवाल्याला दावाही लावू देत नाही.

त्यामुळे उटनूरच्या जमीनव्यवहारात सर्वांत निर्णायक प्रमाणपत्र मध्यस्थाचे नसून घेणाऱ्याचे, म्हणजे अनुसूचित जमातीचे प्रमाणपत्र असते. आणि त्याचीही एक अट मराठी वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे. जमातींची यादी राज्यवार असते. तेलंगणात लंबाडा अर्थात बंजारा समाज १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जमातींत आला, महाराष्ट्रात मात्र तो विमुक्त जाती व भटक्या जमातींत मोडतो. महाराष्ट्रातून स्थलांतर केलेल्या कुटुंबाला केवळ समाजाचे नाव एकच आहे म्हणून तेलंगणातील अनुसूचित जमातीचा दर्जा मिळत नाही. सीमेलगतच्या गावांत याच मुद्द्यावरून बरेच तंटे उभे राहिले आहेत, आणि मध्यस्थ मात्र ‘जातीचा दाखला आहे ना, मग झाले’ एवढे सांगून मोकळे होतात.

सीमेच्या अलीकडे किनवटमध्ये कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमानुसार, जे जुलै १९७४ पासून लागू आहे, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि विक्रीसाठी त्यांना राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे महाराष्ट्रात परवानगीचा दरवाजा अरुंद का होईना, आहे. उटनूरमध्ये तो नाही. किनवटला व्यवहार करून देणारा मध्यस्थ तोच अनुभव उटनूरला लावतो आणि ‘कलेक्टरची परवानगी काढून देतो’ असे आश्वासन देतो, तेव्हा तो जी परवानगी कायद्यात अस्तित्वातच नाही तिची किंमत मागत असतो. ही कडक बंदी अन्यायकारक आहे अशी तक्रार उटनूरमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या बिगर-आदिवासी कुटुंबांकडून ऐकू येते, आणि राहते घर विकता न येण्याची त्यांची अडचण खोटी नाही. तरीही परवानगीची पळवाट जिथे जिथे ठेवली गेली तिथे ती लेखणी आणि पैसा हाती असलेल्यांनीच वापरली, हा आदिलाबादचा इतिहास लक्षात घेता १९७० च्या दुरुस्तीची कठोरता समर्थनीय आहे.

अशा प्रकरणांची सुनावणी आदिवासी कल्याण विभागाचे विशेष उपजिल्हाधिकारी करतात आणि त्यांच्या आदेशावर वरिष्ठांकडे दाद मागता येते. केसलापूर येथे नागोबाच्या जत्रेत अधिकारी लोकांची गाऱ्हाणी ऐकतात, तो दरबारही हायमेंडॉर्फ यांच्या काळापासून चालत आला आहे. उटनूर, इंद्रवेल्ली किंवा नारनूर परिसरातील जमीन किंवा भूखंड कोणी दाखवला, तर त्याच्या कार्डावर कोणतेही बिरुद असो, बिगर-आदिवासी वाचकाने इसाराचा एक रुपयाही देऊ नये. आणि आदिवासी वाचकाने आपल्या पट्ट्याचे मूळ पासबुक कोणाच्या हाती देऊ नये, कोऱ्या कागदावर सही वा अंगठा करू नये, आणि तसा आग्रह झाल्यास विशेष उपजिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार नोंदवून तिची पोच घ्यावी.